उशिरा पाटी धरलेला कवी

शिरगावच्या किल्ल्याकडून समुद्राकडे उतरू लागले की सुरूच्या आणि ताडाच्या झाडांतून वारा सतत वाजत असतो. या किनाऱ्याच्या गावांना गाणे काही नवे नाही. मांगेल्यांची लग्नातली गाणी आहेत, वाडवळांची आहेत, आणि पूर्वेला डोंगराकडे गेले की तारप्याचा सूर आहे. पण मी आज सांगणार आहे ते गाणे या मातीत उगवलेले नव्हे. ते नाशिक जिल्ह्यातून निघाले, मुंबईच्या चाळीत वाढले आणि पॅसेंजर गाडीने पालघरला उतरून आमच्या गावात आले.

मी त्या वेळी या भागातल्या एका शाळेत मराठी शिकवीत होतो. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जिल्हा वेगळा झाला तो पुढे 2014 साली. नववीच्या वर्गाला मी निबंध दिला होता, 'माझा आवडता कवी'. चाळीस वह्या आल्या. कुणी केशवसुत लिहिले, कुणी बालकवी, बहुतेकांनी मार्गदर्शकातून कुसुमाग्रज उतरवले होते. एका मुलाने लिहिले, 'माझे आवडते कवी वामन कर्डक'. खाली दीड पान मजकूर होता, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या, पण एकही वाक्य मार्गदर्शकातले नव्हते. मी तांबड्या शाईने समासात लिहिले, 'हे कवी कोण? पाठ्यपुस्तकातील कवी निवडावा', आणि दहापैकी तीन गुण दिले.

पुढच्याच आठवड्यात 14 एप्रिल होता. गावात जयंतीचा मंडप पडला होता. मुंबईहून गायन पार्टी आली होती: पेटी, ढोलकी, बुलबुल तरंग, मागे चार-पाच झीलकरी. मी मंडपाच्या कडेला उभा होतो. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. गाणे सुरू झाले की गायकाच्या आधी तिचे ओठ हलत. एक नाही, दोन नाही, सात-आठ गाणी तिने अशी शेवटपर्यंत म्हटली. मी खाली वाकून विचारले, "आजी, शाळेत कुठपर्यंत गेल्या होत्या?" ती हसली. म्हणाली, "शाळेत कोन घालतंय, गुरुजी?" मग मी विचारले की हे गाणे कोणाचे. तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू सूर्य कोणाचा असे मी विचारले. "वामनदादाचं. शेवटी नाव येतंय ना, ऐका की."

आणि खरोखरच शेवटच्या कडव्यात नाव आले.

आता हे वामनदादा कोण ते सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी. पण आपल्या शिक्षकबंधूंपैकी अजून बऱ्याच जणांना ते नीट ठाऊक नाहीत, माझ्या अनुभवावरून हे मी खात्रीने म्हणतो.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी झाला. सिन्नर म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख. सह्याद्रीच्या घाटावर ढग रिते होतात आणि सिन्नरकडे नुसता वारा येतो. त्यात घर महाराचे, म्हणजे गावकीची कामे वाट्याला आणि विहीर वर्ज्य. वडील लवकर गेले. शाळेचे नाव नाही. लहानपणी जळण गोळा करणे, गुरांमागे जाणे आणि गावात तमाशा आला की तो रात्रभर पाहणे, एवढेच शिक्षण. वामन आठ वर्षांचाही नव्हता तेव्हा, 2 मार्च 1930 रोजी, त्याच जिल्ह्यात नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. तो चालला पाच वर्षे. मंदिर काही उघडले नाही, पण जिल्ह्यातली माणसे उघडली, असे म्हणावे लागते.

लग्न झाले, मुलगी झाली. पण संसार टिकला नाही. पत्नी सोडून गेली आणि पुढे ती लहानगी मुलगीही वारली. आईबरोबर वामनने मुंबई गाठली. मुंबईत त्याने काय केले नाही ते विचारा. कोळशाच्या वखारीत काम केले, खडी फोडली, चिक्की विकली, आईसफ्रूट विकले, गिरणीत राबला, टाटांच्या तेलाच्या कारखान्यात लागला. राहायला शिवडीची बी.डी.डी. चाळ. तिथे तरुणांचे समता सैनिक दल होते. त्यात वामन गेला. लाठीकाठी, कवायत, सभेचा बंदोबस्त ही कामे अक्षर न येणारालाही जमतात.

आणि मग तो पत्राचा प्रसंग घडला. चाळीत कुणीतरी एक पत्र घेऊन त्याच्याकडे आले. वामन दलाचा माणूस, चारचौघांत वावरणारा, तेव्हा त्याला वाचता येतच असणार, अशी समजूत. "एवढं पत्र वाचून दाखव." वामनने कागद हातात घेतला. काळ्या रेघांपलीकडे त्याला काही दिसेना. तो रडला. विशीतला, अंगाने धट्टाकट्टा माणूस एका पोस्टकार्डापुढे रडला. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्याला जवळ केले आणि मुळाक्षरे शिकवली. पुढची शाळा म्हणजे मुंबईचे रस्ते. दुकानांवरच्या पाट्या वाचीत तो चालायचा आणि जोडाक्षरे त्याने पाट्यांवरून सोडवली. प्रौढ शिक्षणाचे वर्ग ज्यांनी चालवले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मोठ्या माणसाला अ-आ गिरवायला लाज वाटते, पण रस्त्यावर 'केशकर्तनालय' वाचताना कुणाला दिसत नाही.

अक्षर हाती आले आणि फार दिवस गेले नाहीत तोच, 3 मे 1943 रोजी, वामनने पहिले गीत रचले. तेही गंभीर नव्हे. एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन. लोक हसले, पुन्हा म्हण म्हणाले. बस्स, तिथून जे गाणे सुरू झाले ते साठ वर्षे थांबले नाही.

इथे जरा थांबून दूरच्या एका मुलखाची गोष्ट सांगतो, म्हणजे वामनदादांचे मोल वेगळ्या बाजूने कळेल.

अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठी कापसाची शेते. तिथे आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे गुलाम म्हणून राबत. 1865 साली कायद्याने गुलामगिरी संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. मोकळी झालेली माणसे अर्धेलीने तीच शेते कसू लागली. बी मालकाचे, उधारीचे दुकान मालकाचे, वर्षअखेर हिशेबही मालकाचाच. आपल्या डहाणू-तलासरीकडच्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावे लागणार नाही. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यावेत आणि त्यापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्या वाड्यावर राबावे, त्याला 'लग्नगडी' म्हणत. 1945 साली वारली उठले ते याच वेठीविरुद्ध. तर त्या कापसाच्या शेतांत एक गाणे जन्मले, त्याला ब्लूज म्हणतात. अर्थ एवढाच की उदासीचे गाणे.

डब्ल्यू. सी. हॅन्डी नावाच्या एका बँडमास्तराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की 1903 च्या सुमारास टटवायलर नावाच्या स्टेशनवर तो गाडीची वाट पाहत पेंगला होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस सुरीचे पाते गिटारीच्या तारांवर दाबून सूर काढीत होता आणि एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणत होता. हॅन्डीला असे विलक्षण संगीत पूर्वी ऐकल्याचे आठवेना. त्या माणसाचे नाव मात्र त्याने लिहिले नाही. विचारलेच नसावे.

त्या गाण्याची बांधणी सोपी असते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. समजा, 'पाऊस गेला आणि बैलही गेला', पुन्हा 'पाऊस गेला आणि बैलही गेला', मग 'आता दार लोटून आत येतो तो एकटा सावकार'. (ही जुळणी माझी, नमुन्यापुरती, हसू नये.) बहुधा चार-चार मात्रांच्या बारा मापांत हे बसते. सुरांत गंधार आणि निषाद किंचित उतरलेले, ना धड शुद्ध ना धड कोमल. आमच्या पेटीवर तो सूर सापडत नाही, गळ्यात सापडतो.

या गायकांत मडी वॉटर्स हा एक मोठा झाला. मिसिसिपीतल्या एका कापसाच्या मळ्यावर तो ट्रॅक्टर हाकीत असे. 1941 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातर्फे ॲलन लोमॅक्स नावाचा संग्राहक ध्वनिमुद्रणाचे यंत्र मोटारीत घालून त्याच्या खोपटापर्यंत गेला आणि त्याचे गाणे तबकडीवर घेतले. आपलाच आवाज यंत्रातून ऐकल्यावर त्याला वाटले, आपण गवई आहोत. दोन वर्षांनी, 1943 साली, तो मळा सोडून शिकागोला गेला, कारखान्यात लागला आणि रात्री गाऊ लागला. 1943! त्याच साली शिवडीच्या चाळीत वामन कर्डक पहिले गीत रचीत होता. दोघांनी एकमेकांचे नाव कधी ऐकले असेल असे नाही. पण गाव सोडून कारखान्याकडे आलेला माणूस जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी गाऊ लागला, हा योग मला नोंदवावासा वाटतो.

मात्र साम्य फार ताणू नये. ब्लूजमध्ये गाणारा बहुधा स्वतःचे दुःख सांगतो: माझी बायको गेली, माझे घर गेले, मी वाटेला लागलो. वामनदादांची बायको गेली होती, लेक गेली होती. स्वतःचे रडायला त्यांच्याजवळ कारण थोडे नव्हते. तरी लोकांनी जी गाणी तोंडपाठ केली ती 'मी'ची नव्हेत, 'आपण'ची आहेत. त्यांत बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत, भूमिहीन मजूर आहे. देशातल्या बड्या धनिकांची नावे घेऊन आमचा वाटा कुठे आहे असा रोकडा सवाल आहे; आणि बाबासाहेबांचे नाव घेऊन आपसांत भांडणाऱ्या पुढाऱ्यांचीही हजेरी आहे. आपल्याच माणसांना टोचणारे गाणे आपल्याच मंडपात म्हणायचे, याला छाती लागते.

ही छाती देणारी परंपरा त्यांच्यामागे होती. महात्मा फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला, त्यातून पुढे सत्यशोधक जलसे निघाले. तमाशाचाच साचा, पण आतला मजकूर बदललेला. त्यातून आंबेडकरी जलसे निघाले. 1930 नंतरच्या काळात नाशिक जिल्ह्यातल्याच भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव गाजला. आडनाव एक म्हणून पुष्कळांची गल्लत होते. भीमराव वेगळे, वामनदादा वेगळे. जलशाला दहा-बारा माणसे लागत, सोंगे लागत, वग लागे. पुढे एवढा पसारा झेपेना, तेव्हा गायन पार्टी आली: एक गायक, पेटी, ढोलकी, झीलकरी. कधी दोन पार्ट्या समोरासमोर बसून कव्वालीसारखा रात्रभर सामना करीत. वामनदादांचे गाणे या वळणावरचे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यानंतरचे दिवस नजरेपुढे आणा. लाखो माणसांनी नवा धम्म घेतलेला, तो समजावून सांगणारा मात्र गेलेला. ग्रंथ होते, पण ते वाचणार कोण? देव्हारा काढला, आता भिंतीवर काय? लग्न कसे लावायचे? बाळाच्या पाळण्याला कोणते गाणे? या प्रश्नांची उत्तरे गावोगाव फिरून ज्यांनी गाण्यातून दिली त्यांत वामनदादा पहिल्या रांगेत. त्यांनी हजारो गीते रचली. महाराष्ट्रात असा जिल्हा सांगता येणार नाही जिथे ती पोचली नाहीत. जमीन मागणाऱ्यांचे सत्याग्रह झाले, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा 1978 पासून 14 जानेवारी 1994 पर्यंत चालला, आणि त्या साऱ्या वर्षांत मोर्चाच्या तोंडी आणि सभेच्या आधी त्यांचे गाणे असे.

ती इतकी पसरली कशी, याचे एक साधे कारण आहे. ते शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. ते कारण म्हणजे चाल. या गीतांच्या छोट्या पुस्तिका जयंतीच्या मंडपाबाहेर मिळत, अजूनही मिळतात. त्यात गीताच्या डोक्यावर लिहिलेले असते, 'चाल: अमुक अमुक', आणि ते अमुक म्हणजे बहुधा गाजलेले चित्रपटगीत, कधी लोकगीत, कधी अभंग. शास्त्रोक्त मंडळी यावर नाक मुरडतात. मीही मुरडले होते. पण विचार करा, ज्याला नोटेशन येत नाही, ज्याला अक्षरही येत नाही, त्याला नवे गाणे शिकवायचे तर चाल आधीच त्याच्या गळ्यात असलेली बरी. मग फक्त शब्द घालायचे राहतात. ध्रुपद एकदा म्हटले की झीलकरी उचलतात, दुसऱ्या वेळी मंडप उचलतो. तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणे माणसांचे होऊन जाते.

आणि मग शेवटच्या कडव्यात येते ते नाव. 'वामन' ही छाप. छापखाना नाही, हक्काचा कागद नाही, अशा ठिकाणी कवीने आपले नाव गाण्याच्या विणीतच विणायचे, म्हणजे गाणे चोरले तरी नाव उसवता येत नाही. ही युक्ती जुनीच. नामदेवांनी केली, चोखोबांनी केली, जनाबाईंनी केली. टटवायलरच्या स्टेशनवरच्या त्या माणसाने केली असती तर आज त्याचे नाव आपल्याला कळते.

पुस्तके पुढे निघाली. 'वाटचाल' 1973 साली, 'मोहोळ' 1976 साली, 'हे गीत वामनाचे' 1977 साली. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथनही आले. पण हजारोंच्या मानाने पुस्तकांत आले ते थोडे. पुष्कळशी गीते गायकांच्या वह्यांत आणि त्या आजीसारख्यांच्या तोंडात राहिली. आवाजाची तर आणखीच हेळसांड. मडी वॉटर्सच्या खोपटापाशी यंत्र घेऊन मोटार आली. आमच्या मंडपात बहुतेक ठिकाणी यंत्र होते ते फक्त कर्णा. तो आवाज लांब नेई, पण ठेवीत नसे. टेपरेकॉर्डर घरोघर आला तेव्हा वामनदादांचे तरुणपण सरले होते.

15 मे 2004 रोजी वामनदादा गेले. विठ्ठलाची भक्तिगीते आणि भीमगीते दोन्ही घराघरांत पोचवणारे प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी, 23 जूनला गेले. चाळीस दिवसांच्या आत एका पिढीचे दोन गळे थांबले.

आता त्या वहीचे सांगायचे राहिले. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी वह्या वाटल्या नाहीत. त्या मुलाला बोलावले आणि विचारले, "वामनदादांची किती गाणी येतात तुला?" तो आधी घाबरला, त्याला वाटले गुण आणखी कापणार. मग म्हणाला, "मला थोडी येतात सर. आजीला येतात." ती आजी म्हणजे मंडपातली तीच. आम्ही ठरवले की दर रविवारी त्याने घरी बसून एक गाणे उतरवायचे: वर चाल, खाली कोणाकडून ऐकले, कोणत्या गावी ऐकले. शब्द आजी म्हणेल तसाच लिहायचा, माझ्या व्याकरणाने सुधारायचा नाही. हे शेवटचे पथ्य मला स्वतःलाच जड गेले. दोन-तीन ठिकाणी मी ऱ्हस्वदीर्घ केलेच, आणि एके ठिकाणी एक शब्द 'शुद्ध' केला तर म्हातारीने ऐकून सांगितले, "ह्ये असं नाय. असं म्हटलं तर ढोलकी अडते." तिने टाळी वाजवून दाखवले. खरेच एक मात्रा जास्त होत होती.

पावसाळा लागेपर्यंत त्या वहीत एकवीस गाणी झाली. मग आवणी सुरू झाली, मुलगा शेतावर जाऊ लागला आणि रविवार बुडाले. निबंधाचे तीन गुण मी खोडून आठ केले होते. समासातला तांबडा प्रश्न मात्र खोडता आला नाही, शाई पानाच्या पाठीपर्यंत उतरली होती. त्याच्याखाली मुलाने निळ्या शाईने बारीक अक्षरात उत्तर लिहून ठेवले: 'देशवंडी, ता. सिन्नर.'